खाणीचं रान होताना

गुडगावच्या अरावली जैवविविधता उद्यानात आज फिरायला येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हे रान पहिल्यापासून इथंच आहे. गुरू द्रोणाचार्य मेट्रो स्टेशन जवळ, एका अंगाला काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला दिल्लीची हद्द आणि मधे सुमारे 390 एकरांचा डोंगराळ तुकडा. हे रान लोकांनी उभं केलेलं आहे. त्या लोकांत मीही होते, आणि ते कसं उभं राहिलं हे मराठीत कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

ही जागा म्हणजे दगडाची खाण होती. अरावली हा जगातल्या सर्वांत जुन्या पर्वतरांगांपैकी एक, आणि इथला दगड क्वार्टझाइट. कठीण, चकाकी असलेला, बांधकामाला उत्तम. दिल्ली आणि गुडगाव वाढत गेलं तशी या डोंगराची खडी होत गेली. सुरुंग, क्रशर, ट्रक हे चक्र कित्येक दशकं चाललं. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हद्दीलगतच्या खाणी थांबवल्या आणि 2009 मध्ये गुडगाव, फरिदाबाद, मेवात या तिन्ही जिल्ह्यांतल्या अरावलीतलं खाणकाम बंद केलं. खाणी थांबल्या, पण मागे राहिले ते खोल खड्डे, मुरमाचे ढीग, उघडा पडलेला कातळ आणि सगळीकडे पसरलेली वेडी बाभूळ. माती जवळजवळ नाहीच. डोंगर खणताना सगळ्यांत आधी माती जाते आणि ती परत यायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही.

2010 च्या जागतिक पर्यावरण दिनी, 5 जूनला, ‘आय ॲम गुडगाव’ हा नागरिकांचा गट आणि गुडगाव महानगरपालिका यांनी मिळून इथं उद्यानाचं काम सुरू केलं. गटात घर सांभाळणाऱ्या बायका होत्या, नोकरदार होते, निवृत्त माणसं होती. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे या शहरात आलेली, ओळखपाळख फारशी नाही, आणि आठवड्याच्या शेवटी मॉलमध्ये जाण्याचा मला मनस्वी कंटाळा. सोसायटीतल्या एका मैत्रिणीने विचारलं, येतेस का झाडं लावायला? मी गेले आणि तिथलीच झाले.

शहरात वृक्षारोपण म्हटलं की काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गुलमोहर, सप्तपर्णी, पाम, बाकी हिरवळ, मधून फरशी. इथं तसं झालं नाही, आणि त्याचं मोठं श्रेय विजय धस्माना यांना आहे. उजाड जमिनीवर मूळचं रान पुन्हा उभं करणं हाच त्यांचा ध्यास. त्यांच्या मांडणीतला पहिला प्रश्नच वेगळा होता: खाण होण्याआधी या डोंगरावर काय असेल? झाडं लावण्याच्या आधी त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. हे मला तेव्हा फार भावलं आणि आजही भावतं, कारण बहुतेक वृक्षारोपणं रोपवाटिकेत काय मिळतं यावर ठरतात, जमिनीला काय हवंय यावर नाही.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गुडगाव–फरिदाबादच्या मधे मांगर गावाजवळ मांगर बनी आहे. बनी म्हणजे आपली देवराई. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेलं हे रान आजूबाजूच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तोडू दिलेलं नाही. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा मी अक्षरशः गप्प झाले. डोंगराचा उतारच्या उतार धौच्या झाडांनी भरलेला. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद, नाजूक पानांचा, फांद्या झुकलेल्या. हिवाळ्यात पानं तांबूस होतात आणि डोंगर गंजल्यासारखा दिसतो. गुडगावच्या धुळीत राहणाऱ्या कुणालाही हे खरं वाटू नये असं ते दृश्य आहे. बनी पाहिल्यावर कामाला नकाशा मिळाला. उतारावर धौ, उघड्या कातळावर सालई आणि कुल्लू, सखल जागी जिथं गाळ साचतो तिथं पळस. अरावलीने स्वतःच लिहून ठेवलेली मांडणी होती, आम्हाला ती फक्त वाचायची होती.

माझ्यासारख्या मराठी माणसाला या कामात एक वेगळाच आनंद मिळाला. यादीतली नावं परकी वाटायची, पण झाड समोर आलं की ओळखीचं निघायचं. कुल्लू म्हणजे आपला कांडोळ, पांढऱ्याशुभ्र खोडाचा, ज्याला काही ठिकाणी भुत्या म्हणतात. रोंझ म्हणजे हिवर. बरना म्हणजे वायवर्णा. दुधी म्हणजे काळा कुडा, हिंगोट म्हणजे हिंगणबेट. एकदा रोपवाटिकेत चामरोडच्या रोपांना पाणी घालत होते आणि पान हातात घेतल्यावर चमकले. आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीजवळचा अजानवृक्ष तो हाच! आजीबरोबर आळंदीला जायचे तेव्हा त्याच्या सावलीत बसलेली मी, आणि इथं हरियाणात खाणीच्या काठावर त्याचीच शेकडो रोपं पिशव्यांत उभी. त्या दिवसापासून मला हे काम दुसऱ्याच्या गावचं वाटलंच नाही.

आता खरं काम. ही झाडं बाजारात मिळत नाहीत. कुठल्याही रोपवाटिकेत जाऊन धौची रोपं द्या म्हटलं तर माणूस तोंडाकडे बघतो. म्हणून बी गोळा करण्यापासून सुरुवात. अरावली पार गुजरातपासून राजस्थानातून दिल्लीपर्यंत येते, त्यामुळे बी शोधायला राजस्थानातल्या डोंगरांतही जावं लागायचं. प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं. कुल्लूची फळं एप्रिल–मेमध्ये पिकतात, चांदणीसारखी पाच पाकळ्यांची, लालसर, दिसायला मखमली. त्या मखमलीवर बारीक कुसं असतात आणि ती हाताला लागली की दिवसभर खाज जात नाही. जाड हातमोजे घालून फळं काढायची, उन्हात उघडू द्यायची, मग आतल्या बिया चिमट्याने वेचायच्या. पळसाच्या चपट्या शेंगा मे–जूनमध्ये गळतात आणि बी लगेच लावलं नाही तर वाया जातं. सालई बियांपेक्षा फांदी खोचून जास्त खात्रीने येतो.

सगळ्यांत दमवणारं झाड म्हणजे धौ. या झाडाला बी भरपूर येतं, गोंडेच्या गोंडे, पण त्यातलं बहुतेक पोकळ. ओंजळभर पेरावं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं उगवावीत. रानात तो मुळांतून फुटवे काढून पसरतो, म्हणून बनीत त्याची दाटी आहे. पण खाणीत मूळच नाही तर फुटवा कुठून येणार? त्यामुळे पेरत राहायचं. वाफ्यात बी पसरायचं, वर बारीक माती चाळायची, झारीने पाणी आणि वाट पाहणं. रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायकांची नजर या बाबतीत आमच्यापेक्षा कितीतरी तयार होती. दोन पानांचं धौचं रोप आणि दोन पानांचं तण यांतला फरक मला भिंगातून दिसायचा, त्यांना चालता चालता. “दीदी, ये मत उखाड़ना,” असं म्हणत त्यांनी माझ्या हातून किती रोपं वाचवली असतील! या उद्यानाबद्दल जे काही लिहून येतं त्यात या बायका क्वचितच असतात. रान त्यांच्या हातचं आहे.

वेड्या बाभळीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रातही ती आपली डोकेदुखी आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेकडची. इंग्रजांच्या काळात दिल्लीचा डोंगर हिरवा दिसावा म्हणून ती लावली गेली आणि मग तिने सगळा मुलूख व्यापला. तिच्या खाली दुसरं काही वाढत नाही. तोडली तर बुंध्यातून पुन्हा दहा फांद्या. पण तिला एका फटक्यात संपवायचं म्हटलं तर डोंगर पुन्हा उघडा पडतो आणि तिच्यात घरटी करणारे पक्षीही जातात. म्हणून जिथं यंदा लावणी करायची तेवढाच पट्टा मोकळा करायचा, मुळासकट, आणि नवी झाडं उभी राहिली की पुढे सरकायचं. हे धीराचं काम आहे. लोक विचारायचे, इतकी वर्षं झाली, अजून किकर (इकडे वेड्या बाभळीला हेच म्हणतात) दिसतेच की! दिसणारच. तिने पसरायला जवळजवळ शंभर वर्षं घेतली आहेत.

मुळं काढण्याचा विषय निघाला म्हणून जोधपूरचं सांगते. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सुमारे 70 हेक्टरांचं. तिथं 2006 मध्ये प्रदीप कृष्ण यांनी असंच काम हाती घेतलं. कातळाच्या फटींत शिरलेली वेड्या बाभळीची मुळं कशानेच निघेनात, तेव्हा दगड फोडण्याचा पिढीजात धंदा असलेल्या खांडवालियांना बोलावलं. ते हातोड्याने कातळावर ठोकून आवाज ऐकतात आणि दगड कुठं फुटेल हे ओळखतात. त्यांनी छिन्नीने फटी उघडून मुळं काढली आणि त्याच फटींत वाळवंटातली झाडं लागली. मी ते पार्क पाहून आले तेव्हा हीच गोष्ट मनात घर करून राहिली. डोंगर फोडण्याची विद्या डोंगर सावरायलाही कामी येते. आमच्याकडेही खाणीच्या काळात इथं राबलेली माणसं आसपास होती. एका शेजारच्या गावातले एक ताऊ, म्हणजे म्हातारे काका, आमचं काम बघायला काठी टेकत यायचे. कुठल्या खड्ड्यात पावसाचं पाणी किती दिवस टिकतं, कुठं खाली पक्का कातळ आहे आणि कुठं भर घातलेला मुरूम आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी दाखवलेल्या जागी पहार घातली की ती आत जायची. हे ज्ञान कुठल्याच नकाशात नव्हतं.

लावणी पावसाळ्यात. या भागात पाऊस मुळात कमी, सगळा मिळून सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जुलै–ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये. खड्डे आधी उन्हाळ्यात काढून ठेवायचे. मुरमाचा ढीग असेल तर कुदळ चालते, कातळ असेल तर पहारीशिवाय इलाज नाही, आणि खड्डा घ्यायचा तो फट पाहून. पाऊस सुरू झाला की शाळांची मुलं यायची, कंपन्यांचे लोक टोप्या आणि टी-शर्ट घालून बसने यायचे. गुडगावातल्या कंपन्यांनी या कामाला पैसा आणि माणसं दोन्ही दिली हे खरं आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी. एका दिवसात हजारो रोपं लागायची. चिखलाने माखलेली, कधी जमिनीवर मांडी घालून न बसलेली माणसं आपल्या रोपाला नाव देऊन जायची.

पण माझं ठाम मत आहे की रान जुलैत उभं राहत नाही, ते मे महिन्यात राहतं. मेमध्ये इथलं तापमान 45 अंशांच्या वर जातं, लू वाहते, कातळावर चप्पल चिकटते. तेव्हा टी-शर्टवाले कुणी नसतात. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक रोपाला पाणी पोचवायचं, आळं नीट करायचं, त्यात सुकलेली पानं आणि गवत पसरायचं म्हणजे ओल टिकते, भोवतीचं तण काढायचं, नीलगायीने शेंडा खाल्ला तर काट्या लावायच्या. मेलेल्या रोपाच्या जागी खूण करायची म्हणजे पुढच्या पावसात तिथं पुन्हा लावता येतं. आम्ही थोडेच लोक उन्हाळ्यात पहाटे यायचो आणि ऊन चढायच्या आत परतायचो. बाकी सगळा दिवस तिथले माळी आणि मजूर सांभाळायचे. ज्या वर्षी एखाद्या पट्ट्याला पाणी देणं थांबवूनही तो उन्हाळ्यातून पार पडला, त्या वर्षी तो पट्टा आपला झाला असं आम्ही समजायचो.

आणि या रानाचं रूप! ते समजावून सांगणं हे आमचं एक कामच होऊन बसलं. हे कोरड्या प्रदेशातलं पानगळीचं रान आहे. मार्च–एप्रिलमध्ये यातली बरीच झाडं पूर्ण निष्पर्ण असतात. काटेरी झुडपं, वाळलेलं गवत, उघडा दगड. फिरायला आलेले लोक विचारायचे, इथं लॉन का करत नाही? झाडं वाळली, कुणी पाणी घालत नाही का? आम्ही थांबून सांगायचो. हा वाळलेला दिसणारा पळस आत्ता फुलणार आहे. हे गवत कापायचं नाही, यात तित्तर अंडी घालतो. हळूहळू लोकच दुसऱ्यांना सांगायला लागले. नेमाने सकाळी चालायला येणारे एक आजोबा नव्या माणसाला गोया खैराची फुलं दाखवताना मी ऐकलं. अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं ते फूल त्यांनी काठीने खाली वाकवून धरलं होतं आणि त्याचं वर्णन करताना त्यांचा आवाज कापत होता. सिगमकाठी म्हणतो आपण तिला. खाणीच्या एका खड्ड्यात पायऱ्या करून खुला रंगमंच केला आहे, तिथं मुलांना गोष्टी सांगायचे, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. खड्डा बुजवला नाही हे मला योग्य वाटतं. इथं काय झालं होतं ते दिसत राहायला हवं.

प्राणी-पक्षी बोलावल्याशिवाय आले. मोर, कोल्हे, मुंगूस, नीलगायी. पावसाळ्यात नवरंग येतो, स्वर्गीय नर्तक येतो. पक्षी पाहणाऱ्यांच्या वह्यांत या उद्यानाची यादी दर वर्षी लांबत गेली.

एवढं होऊनही जागा सुरक्षित नव्हती. 2019 च्या सुमारास कळलं की एक सहा पदरी रस्ता उद्यानातून नेण्याचा प्रस्ताव आहे. वाहतुकीच्या नकाशावर ही जागा मोकळी दिसत होती. मला त्याचा संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या जमिनीवर एकही इमारत नाही ती रिकामी, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. तेव्हा लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत शेकडो लोक फलक घेऊन उभे राहिले, मानवी साखळी झाली, सह्या झाल्या, पत्रं गेली. साखळीत मला ते लोक दिसले जे एकदाच कधीतरी कंपनीच्या बसने येऊन एक रोप लावून गेले होते. जुलैतल्या गर्दीची किंमत मला तिथं कळली. एक रोप लावलेला माणूस त्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरतो. रस्ता उद्यानातून गेला नाही.

त्या लढ्यात आम्हाला कागदांचं महत्त्व उमगत गेलं. कुठली जमीन कुठल्या कायद्याखाली येते, 1900 चा पंजाब भूसंरक्षण कायदा काय म्हणतो, महापालिकेचा ठराव काय आहे, शहराच्या आराखड्यात या तुकड्याला कुठला रंग दिलाय. वनस्पतींची नावं पाठ करणाऱ्या बायका खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचे सर्व्हे नंबर, पाठ करायला लागल्या. पुढे 2022 च्या जागतिक पाणथळ दिनी, 2 फेब्रुवारीला, हे उद्यान भारतातलं पहिलं ‘ओईसीएम’ म्हणून जाहीर झालं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नसूनही जिथं निसर्गाचं दीर्घकाळ रक्षण होतंय अशा जागांसाठी हा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. जैवविविधता कराराच्या देशांनी त्याची व्याख्या 2018 मध्ये मान्य केली. एक खाण या यादीत देशात पहिली यावी याचा मला प्रचंड अभिमान आहे. तरी एक सांगायला हवं. हा दर्जा म्हणजे कायद्याचं कुंपण नाही. अभयारण्याला वन्यजीव कायद्याचं जसं संरक्षण असतं तसं याला आपोआप मिळत नाही. त्यामुळे जागं राहणं संपत नाही.

2021 मध्ये महापालिकेने उद्यानाची देखभाल एका मोठ्या कंपनीकडे सोपवली आणि आमच्या गटाचं इथलं रोजचं काम थांबलं. मला जड गेलं, नाही असं नाही. पण गट थांबला नाही. चकरपूर–वजिराबादचा जुना बांध कचऱ्यातून मोकळा करून चालण्या-सायकलीचा हिरवा पट्टा झाला, सिकंदरपूरच्या पाणवठ्याचं काम झालं. मी अजूनही उद्यानात जाते, आता फिरणारी म्हणून. कुल्लूची खोडं पांढरी होऊ लागली आहेत आणि धौच्या एका जुन्या पट्ट्यात मुळांतून फुटवे आलेले मी स्वतः पाहिले. ज्याचं बी उगवत नव्हतं ते झाड आता स्वतःहून पसरतंय.

महाराष्ट्रात पुणे, नाशिक, मुंबईच्या कडेला किती दगडखाणी बंद पडून आहेत हे गाडीतून जाताना दिसतं. तिथले काही वाचक मला विचारतात, आम्हीही करावं का? जरूर करा. पण पहिल्या पावसात झाडं लावायची घाई करू नका. ते वर्ष जवळची देवराई पाहण्यात आणि बी गोळा करण्यात घालवा, खाणीत राबलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठा, आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची सोय कोण करणार ते लिहून घ्या. आणि या सगळ्याच्या आधी तलाठ्याकडे जाऊन त्या जमिनीचा सातबारा काढा, विकास आराखड्यात तिथं कसलं आरक्षण आहे ते नगररचना कार्यालयात बघा आणि त्याची शिक्क्यासह प्रत स्वतःजवळ ठेवा.